आजीच्या उंचीचं घर

गेल्या जुलैत आमची आजी घरातच पडली. बेळगावचा पाऊस कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, फरशीला घाम आल्यासारखा ओलावा येतो. त्यात संध्याकाळी दिवे गेले होते. आजी मेणबत्ती आणायला पॅसेजमधून आत निघाली आणि घसरली. पडताना तिने उजवा हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर.

मम्मी सकाळच्या पाळीला जाते, पपांचं दुकान आहे. कॉलेजच्या वेळा सांभाळून घरात थांबू शकणारा मी एकटाच. मी साहित्याचा विद्यार्थी. वर्गात ‘घर’ या प्रतिमेवर दहा मिनिटं बोलू शकतो, पण घरात मीठ कुठल्या डब्यात असतं ते मला ठाऊक नव्हतं. ते सहा आठवडे मी आजीच्या हाताखाली काम केलं. ती खुर्चीवर बसून सांगायची आणि मी करायचो. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. बहुतेकांच्या घरी कुणीतरी म्हातारं माणूस असतंच, म्हणून.

आधी आम्ही काय चुकलो

हॉस्पिटलमधून आल्यावर पहिल्याच रात्री जेवताना ठरलं, की आता आजीने स्वयंपाकघरात यायचंच नाही. मम्मी म्हणाली, “तुम्ही आता आराम करा, आई. खूप केलंत.” प्रेमानेच म्हणाली. आजी काही बोलली नाही. पुढचे तीन दिवस ती हॉलमधल्या खुर्चीत बसून होती. टीव्ही चालू, पण तिचं लक्ष आत भांड्यांच्या आवाजाकडे. चौथ्या दिवशी मी चहा नेऊन दिला तेव्हा म्हणाली, “काय रे, मी या घरातली हाय की पावनी?”

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून आम्ही प्रश्न बदलला. आजीला कामापासून लांब कसं ठेवायचं हे सोडून, तिचं काम सोपं कसं करायचं याचा विचार सुरू केला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीत माणूस बसून राहतं. हात-पाय वापरले नाहीत तर त्यांतली ताकद कमी होते, आणि ताकद कमी झाली की पडण्याची भीती आणखी वाढते. दुसरीत बदलावं लागतं ते घर.

मग मी एक साधी गोष्ट केली. एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत आजी घरात कुठे-कुठे जाते, कुठे हात वर करते, कुठे वाकते, कुठे भिंत धरते, ते वहीत लिहून काढलं. तुम्हीही पहिल्यांदा हेच करा. एक रुपया खर्च होत नाही.

उजेड

वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि आतलं भिंगही पिवळसर होत जातं. त्यामुळे आपल्याला पुरेसा वाटणारा उजेड आजीला संध्याकाळसारखा वाटतो. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावायलाही तिला जास्त वेळ लागतो.

आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूबलाईट ओट्यासमोर उभं राहणाऱ्याच्या पाठीमागे होती. म्हणजे इतकी वर्षं आजी स्वतःच्याच सावलीत भाजी चिरत होती! आम्ही ओट्यावरच्या फळीच्या खाली एक लांबट एलईडी दिवा लावला. उजेड थेट हातावर पडायला लागला. त्याच दिवशी आजीने तांदळातले तीन खडे काढून दाखवले, ते मला दिसलेच नव्हते.

रात्रीसाठी पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर दोन झिरोचे बल्ब लावले. दिवे गेले तर म्हणून एक छोटी बॅटरी उशीपाशी दोरीला बांधून ठेवली. दोरी अशासाठी, की बॅटरी खाली पडली तर अंधारात वाकून शोधावी लागू नये. आणि एक सवय लावली: झोपेतून उठल्यावर लगेच उभं राहायचं नाही. पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसायचं, मग उठायचं. झोपलेलं माणूस एकदम उभं राहिलं की रक्तदाब थोडा वेळ खाली येऊ शकतो आणि चक्कर येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर हे पाळायलाच हवं.

पायाखालची जमीन

घरातली सगळी पायपुसणी मी उलटी करून पाहिली. ज्यांच्या खाली रबर नव्हतं ती काढून टाकली. गुळगुळीत फरशीवर सुती पायपुसणं म्हणजे घसरगुंडीच. आजीची स्लिपरही पाहिली. तळवा झिजून अगदी सपाट झाला होता. आता मागे पट्टा असलेली, खाली खाचा असलेली चप्पल आणली. गाऊन चार बोटं वर घेऊन शिवला, कारण जिना चढताना त्याचं टोक पायाखाली यायचं.

मागच्या दाराच्या पायऱ्या चिऱ्याच्या आहेत. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून पायऱ्यांवर टाकायची, थोडा वेळ ठेवायची आणि ताठ खराट्याने घासून भरपूर पाण्याने धुवायची. एक काळजी मात्र घ्या: ब्लीचिंग पावडरमध्ये अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं औषध कधीही मिसळू नका, एकावर एक ओतूही नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसाला घातक असतो. शेवटच्या पायरीच्या कडेला मी पिवळ्या रंगाचा पट्टा ओढला. कारण पायरी संपली की अजून एक आहे, हा गोंधळ नेहमी शेवटच्या पायरीलाच होतो.

बाथरूममध्ये आजी टॉवेलची दांडी धरून उठायची. ती दांडी टॉवेलचं वजन पेलायला असते, माणसाचं नव्हे. दोन छोट्या स्क्रूंवर ती उभी असते. आम्ही मिस्त्रीला बोलावून भिंतीत खोल भोकं पाडून जाड स्टीलची दांडी बसवून घेतली. कुठे बसवायची ते आजीला तिथे उभं करून, तिचा हात आपसूक जिथे जातो तिथे खडूने खूण करून ठरवलं. मिस्त्री म्हणत होता, “सगळीकडे एवढ्याच उंचीवर लावतो.” आजी म्हणाली, “सगळीकडं मी आंघोळ करत न्हाय.”

आंघोळीसाठी पायांना रबरी बुटं असलेलं स्टूल ठेवलं. साबणाची वडी हातातून निसटून खाली पडायची आणि आजी ती घ्यायला वाकायची, म्हणून साबण जाळीच्या छोट्या पिशवीत घालून नळाला टांगला. सगळ्यांची आंघोळ झाली की शेवटच्याने वायपर मारायचा, हा नियम माझ्यापासून सुरू झाला.

स्वयंपाकघर: कंबर ते खांदा

इथे एकच नियम लक्षात ठेवला तरी पुरे. रोज लागणारी वस्तू कंबर आणि खांदा यांच्या मधल्या उंचीवर ठेवायची. क्वचित लागणारी हलकी वस्तू वर, क्वचित लागणारी जड वस्तू खाली. आमच्याकडे उलटं होतं. नाताळात नेवऱ्या ठेवायचे मोठे डबे मधल्या फळीवर ऐटीत बसले होते, आणि रोजचं पीठ सगळ्यात खाली, पंधरा किलोच्या डब्यात. आजी रोज वाकून ते झाकण उघडायची. आता आठवड्याचं पीठ छोट्या डब्यात काढून मधल्या फळीवर ठेवतो. तेलाचंही तसंच: पाच लिटरचा कॅन तिने उचलायचा नाही, रविवारी मी अर्ध्या लिटरची बाटली भरून ठेवतो.

ओट्याची उंची मम्मीला बरोबर आहे. आजी चार फूट दहा इंच. कोपर काटकोनात वाकवला तर त्याच्या थोडं खाली, साधारण चार बोटांवर, कामाची जागा यायला हवी. आजीला ओटा कोपराच्याही वर येत होता, म्हणून चिरताना तिचे खांदे वर चढायचे आणि रात्री मान दुखायची. ओटा फोडणं शक्य नव्हतं, आणि पाटावर उभं राहून चुलीशी काम करणं धोक्याचं. मग चिरणं, निवडणं, मळणं ही कामं जेवणाच्या टेबलावर आणली. ते टेबल ओट्यापेक्षा बुटकं आहे. खुर्चीवर उशी घेऊन बसलं की उंची जमते. चिरायच्या पाटाखाली ओलं फडकं पसरलं की पाट हलत नाही.

भरलेलं भांडं उचलायचंच नाही, ही दुसरी युक्ती. पातेलं आधी रिकामं शेगडीवर ठेवायचं आणि मग तांब्याने पाणी ओतायचं. भाताचं वेळलेलं पाणी पातेलं वाकवून काढण्याऐवजी भातच झाऱ्याने चाळणीत काढायचा. दोन कानांचं पातेलं एका दांड्याच्या पातेल्यापेक्षा बरं, कारण वजन दोन हातांत विभागतं. सांडशीच्या भरवशावर गरम भांडं उचलणं आम्ही बंद केलं.

घट्ट झाकणांचा तर आजीला फार राग. काचेच्या बरणीचं पत्र्याचं झाकण उघडत नसेल तर झाकणाची कड क्षणभर गरम पाण्याखाली धरावी. पत्रा काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि झाकण सैल होतं. हात ओला झाला असेल तर पुसून घ्यावा आणि झाकणाभोवती जाड रबर बँड चढवून फिरवावं, पकड चांगली बसते.

सोलाण्याच्या बारीक दांड्याभोवती मी जुनं सुती कापड गुंडाळून वरून चिकटपट्टी लावली. दांडा जाड झाला की मूठ कमी आवळावी लागते. ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेत सॅम फार्बर नावाच्या उद्योजकाने पाहिलं, की त्याची पत्नी बेट्सी हिला संधिवातामुळे सोलाणं धरताना त्रास होतोय. त्यातून जाड, मऊ रबरी दांड्यांची स्वयंपाकाची साधनं तयार झाली आणि १९९० मध्ये ‘ऑक्सो’ या नावाने बाजारात आली. दुखऱ्या हातासाठी केलेली ती साधनं मग धडधाकट माणसांनीही आवडीने घेतली. आमच्या घरीही तेच झालं. कापड गुंडाळलेलं सोलाणं आता मम्मीच आधी उचलते.

रंग आणि आकार

स्टीलच्या पेल्यात पाणी किती भरलंय ते आजीला दिसत नसे. पाणी सांडायचं आणि आम्ही म्हणायचो, “आजी, लक्ष कुठाय तुझं?” लक्ष जागेवर होतं, दिसतच नव्हतं. आता तिला पाण्यासाठी निळा पेला, चहासाठी पांढरा कप आणि दुधासाठी गडद तपकिरी मग दिला. जे ओतायचं त्याच्या उलट रंगाचं भांडं, एवढंच सूत्र. भातासाठीही पांढरी ताटली नको.

मीठ आणि साखर एकसारख्या डब्यांत होती. आता मीठ चिनी मातीच्या बरणीत आणि साखर पत्र्याच्या डब्यात. डोळ्यांनी चुकलं तरी हाताला कळतं. दिव्याच्या बटणांभोवती लाल चिकटपट्टी लावली.

गोळ्यांच्या पाकिटांवरची अक्षरं तर मलाही वाचता येत नाहीत. मी जाड मार्करने सकाळच्या पाकिटावर एक ठिपका, दुपारच्यावर दोन, रात्रीच्यावर तीन ठिपके काढले. दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डबीत भरून ठेवतो. डबी पाहिली की गोळी घेतली की राहिली, तेही कळतं. फक्त गोळीची वेळ किंवा मात्रा आपल्या मनाने बदलायची नाही, ते डॉक्टरांनाच विचारायचं.

गॅस

वयाबरोबर वास घेण्याची शक्तीही कमी होऊ शकते. त्यामुळे गॅसची गळती आजीला कळेलच असं नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. वास आला तर आधी शेगडी आणि रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही. बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. गॅसची नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते. आमच्या नळीवरची तारीख पाहिली तर मुदत संपून वर्ष झालं होतं. तुमची आजच बघा. हा लेख नंतर वाचलात तरी चालेल.

आल्तार

माझ्या वहीत सगळ्यात धक्कादायक नोंद निघाली ती वेगळीच. आमचा आल्तार हॉलच्या भिंतीवर उंचावर आहे. आजोबांनी स्वतः बसवलेला. रोज संध्याकाळी तेर्साच्या आधी आजी प्लास्टिकच्या स्टुलावर चढून, एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने मेणबत्ती लावत असे. शेजारी पडदा. इतकी वर्षं आम्ही सगळे त्याच खोलीत बसून हे बघत होतो आणि कुणालाच काही वाटलं नव्हतं. तुमच्याकडचं देवघर, नाहीतर घड्याळ, नाहीतर माळ्यावरचा डबा, असं काहीतरी असेलच.

आल्तार खाली घ्यायला पपा तयार नव्हते. “बाबांनी लावलाय तो,” एवढंच म्हणायचे. मी आणि मम्मीने दोनदा समजावलं. शेवटी आजीच म्हणाली, “त्यांनी त्यांच्या उंचीनं लावला. ते सहा फुटाचं होतं.” पुढच्या रविवारी पपांनी स्वतः फळी दीड फूट खाली घेतली. पडदा दूर सरकवला. मेणबत्तीखाली स्टीलची ताटली ठेवली. आजीने दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, डाव्या हाताने मेणबत्ती लावली.

आणि तरीही कुणी पडलं तर

घाईने बगलेत हात घालून ओढून उठवू नका. आधी कुठे दुखतंय ते विचारा. हात-पाय हलवताना फार दुखत असेल, डोक्याला मार असेल, शुद्ध हरपली असेल, तर हलवू नका आणि १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याचा मार किरकोळ वाटला तरी डॉक्टरांना दाखवाच. सगळं ठीक वाटलं तर कुशीवर वळवा, मग हात आणि गुडघ्यांवर आणा, समोर भक्कम खुर्ची ठेवा आणि तिचा आधार घेऊन त्यांनाच सावकाश उठू द्या. एकट्या राहणाऱ्या किंवा अडचणीतल्या ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन आहे. हे सगळे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या वर चिकटवून ठेवा.

एक राहिलेली गोष्ट

त्या संध्याकाळी आजी कशावरून घसरली ते मी अजून सांगितलं नाही. सगळ्यांना तिने सांगितलं, “चप्पल सटकली.” चप्पल झिजली होती हे खरं. पण मी नुकताच भिजून आलो होतो आणि माझा रेनकोट पॅसेजमध्ये खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. त्याचं पाणी ठिबकून खाली थारोळं झालं होतं. मी आत मोबाईल चार्जिंगला लावत बसलो होतो.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगायचं धाडस झालं ते प्लास्टर निघायच्या आदल्या दिवशी. तोवर मी दाराबाहेर, ओसरीवर एक खुंटी ठोकली होती आणि तिच्याखाली बादली ठेवली होती. ओले रेनकोट, छत्र्या सगळं तिथेच. आता घरात ओलं काही येत नाही. ती खुंटी आजीला दाखवली आणि मग सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, “ठावं हाय मला. बसल्या जागी पाठ भिजली व्हती माझी.” मग खुंटी हलवून बघितली, घट्ट बसलीय का ते. म्हणाली, “जरा खाली ठोकायची. माझा हात पोचत न्हाय.”

मी ती काढून चार इंच खाली ठोकली. जुन्या भोकात अजून चुना भरायचा राहिलाय.